एक कॉपी तुझ्याकडे राहू दे

नवा कॉम्प्युटर घरी आला की माणसं त्याला हळदकुंकू लावतात, शेजारी पेढे देतात. हा मात्र त्याला खोक्यातच ठेवतो आणि जुन्यापाशी जाऊन बसतो. "आधी रेकॉर्ड पलीकडे जाऊ दे, मग बघू." तुमच्याही इमारतीत हा असणारच. वयाबरोबर पोट सुटतं, केस जातात, पण 2004 साली व्हाइस सिटी या गेममध्ये कमावलेली मालमत्ता जात नाही. ती एका मशीनवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर वारसाहक्काने चालत येते.

आमच्या सोसायटीतला हा डोंबिवलीहून ठाण्याला नोकरीला जातो. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवलेलं असतं, तरी तोंड पूर्ण चालू. "लोक काय करतात, गेमचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतात आणि खूश होतात. अरे, जीव तिथे नसतोच!" राक्षसाचा जीव जसा दूरच्या पोपटात, तसा व्हाइस सिटीचा जीव माय डॉक्युमेंट्समधल्या 'जीटीए व्हाइस सिटी यूजर फाइल्स' या फोल्डरात, आठ खणांत. गेम उडाला तर पुन्हा टाकता येतो. फॉरमॅट मारताना हे फोल्डर राहून गेलं तर मात्र पहिल्यापासून मारामाऱ्या. एज ऑफ एम्पायर्सचा पोपट गेमच्याच फोल्डरात बसतो. फ्रीसेलचा विंडोज एक्सपीत थेट रजिस्ट्रीत, विंडोज सेव्हनमध्ये वेगळ्याच फाइलीत. सगळ्या पोपटांचे पत्ते ह्याला तोंडपाठ. स्वतःचा पॅन नंबर विचारला तर पाकीट काढतो.

पूर्वी फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची. आत शिरली की त्या आवाजात ह्याचं काही ऐकू यायचं नाही, तेवढीच विश्रांती. 2022 मध्ये नव्या मार्गिका सुरू झाल्या, फास्ट गाड्या मुंब्र्याकडून उघड्यावरून जायला लागल्या, आणि व्याख्यान अखंड झालं. रेल्वेने आपली सोय बघितली, पण आमचा विचार केला नाही.

हे सगळं मी ऐकून घेतलं असतं. पण व्याख्यानाच्या शेवटी हा खिशात हात घालतो. "हे बघ, एक कॉपी तुझ्याकडे राहू दे."

माझ्या घरात ह्याच्या फ्लॉप्या आहेत, सीड्या आहेत, टोपण हरवलेले पेनड्राइव्ह आहेत. फ्लॉपी घालायला माझ्याकडे भोक उरलेलं नाही, हे सांगून झालं. "घालायची कशाला? नुसती राहू दे." दिवाळीत फराळाचं ताट आलं, तर करंज्यांखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत पेनड्राइव्ह. ताट रिकामं परत पाठवू नये म्हणून आम्ही त्यात चिवडा घातला आणि वर तोच पेनड्राइव्ह ठेवला. संध्याकाळी दारात हजर: "तुमच्याकडून चुकून आला वाटतं."

खोड जुनी आहे. 2005 साली तीन सीड्या होत्या. एक स्वतःकडे, एक ठाण्याला नौपाड्यात मित्राकडे आणि एक कल्याणला वालधुनीच्या बाजूला मावशीकडे. तिन्ही ठिकाणी एकदम काही होणार नाही, असा हिशेब. 26 जुलैला एकट्या सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि इकडे हा हिशेब उल्हास नदीला कुणी कळवला नव्हता. मावशीच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी. पुढे फोन लागला तेव्हा ती बिचारी सांगत होती, तांदूळ गेले, गाद्या गेल्या, फ्रीज तरंगला. ह्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि ती सीडी?" सीडी शाबूत होती. अष्टविनायक दर्शनाची समजून मावशीने ती देव्हाऱ्यात, वरच्या फळीवर ठेवली होती.

त्याची बायको मात्र एकदा माझ्यासमोरच म्हणाली, "आमच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट एकच होती. तिला बुरशी लागली. गुंडगिरीच्या गेमच्या ह्यांच्याकडे चाळीस कॉप्या."

बरं, हलवून झाल्यावर हा खेळतो का? अजिबात नाही. गेम उघडतो, 'लोड'वर जातो, सेव्ह केलेल्या खेळांची यादी दिसली की मान डोलावतो आणि बंद करतो. एकदा मी म्हटलं, आता खेळ की. "छे रे, वेळ कुठे आहे!" तीन शनिवार-रविवार गेले होते हलवण्यात. भाच्याने सांगून पाहिलं, मामा, आता स्टीमवर लॉगिन केलं की बरेचसे सेव्ह आपोआप येतात. ह्याला ते अपमानास्पद वाटलं. आपोआप आलं ते कसलं रेकॉर्ड!

रेकॉर्डच्या बाबतीत हा तहसील कचेरीपेक्षा कडक. फ्रीसेलमध्ये एक हार लागलीय, तिची सल अजून जात नाही. जुन्या विंडोजमध्ये 32,000 क्रमांकित डाव होते. त्यांतला 11982 क्रमांकाचा एकच डाव आजवर कुणालाच सुटलेला नाही, आणि नेमका तोच ह्याच्या वाट्याला आला. "न सुटणारा डाव हार म्हणून धरणं चूक आहे. दुरुस्ती व्हायला हवी," असं तो मला सांगतो. जणू मी अपील ऐकणारा अधिकारी.

यंदा सोसायटी पुनर्विकासाला निघाली. दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची, म्हणून ह्याने जुनं धूड काढून नवा लॅपटॉप घेतला आणि मला बोलावलं. साक्षीदार म्हणून. घरभर खोकी, ह्याच्या आई बाजूला भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत बसलेल्या. ह्याचं चाललं होतं माइनस्वीपर. विंडोज एटपासून, म्हणजे 2012 पासून, तो विंडोजबरोबर येत नाही. म्हणून ह्याने एक्सपीमधली मूळ फाइल उचलली, रजिस्ट्रीतली नोंद वेगळी काढून आणली आणि लॅपटॉपवर बसवली. मग 'बेस्ट टाइम्स' उघडलं. सोप्या आणि मधल्या पातळीवर ह्याचं नाव. सगळ्यात अवघड पातळीवर, जिथे 99 बॉम्ब असतात, तिथे 148 सेकंद आणि नाव: आई. इंग्रजी अक्षरांत.

"आईचं आहे," तो म्हणाला. "मला आजवर मोडता आलं नाही."

एवढ्यासाठी चालला होता होय हा वीस वर्षांचा उपद्व्याप! माझा राग तिथल्या तिथे उतरला, आणि तो उतरला हे मला मुळीच आवडलं नाही.

"माझं कसलं?" आई मान वर न करता म्हणाल्या. "मला तो बॉम्बचा खेळ कधी कळलाच नाही. तुझे बाबा बसायचे रात्री ऑफिसातून आल्यावर. जिंकले की तो नाव विचारायचा, तर माझं टाकलं. मी म्हटलं, टाका."

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. हा थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग जे ह्याने करायला हवं होतं तेच केलं. रजिस्ट्री उघडली, तिसऱ्या नावाच्या नोंदीवर गेला. "मग दुरुस्ती करायला हवी. रेकॉर्ड ज्याचं त्याच्या नावावर पाहिजे."

"हात लावू नकोस," आई म्हणाल्या. "हा फ्लॅटपण माझ्याच नावावर आहे. हप्ते कुणी भरले? जा, बिल्डरकडे जाऊन तेही दुरुस्त करून ये."

त्याने नोंद होती तशी ठेवली. आणि मी त्याला ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदाच, हलवून झालेला गेम खेळायला घेतला. तोही अवघड पातळीवर. चौथ्या क्लिकला बॉम्ब फुटला.

"त्यांचंही असंच व्हायचं," आई म्हणाल्या. "मग शिव्या घालायचे आणि परत लावायचे. तू लाव परत. आणि तुमच्यापैकी कुणीतरी तो कुकर इकडे द्या."