हमी दहा वर्षांची, अक्षरे पावसाळ्यापुरती

फ्रीजच्या कॉम्प्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी असते. ती मागायला गेलात की 'ओरिजिनल बिल' मागतात. आणि ओरिजिनल बिल ज्या गुळगुळीत कागदावर निघते, त्यावरची अक्षरे बहुधा पुढचा पावसाळा बघत नाहीत. यात काही विसंगती आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी अजून सर्व्हिस सेंटरची पायरी चढलेली नाही.

हा कागद समजून घेण्यासारखा आहे. त्यावर शाई नसतेच. कागदालाच रसायनाचा थर दिलेला असतो आणि मशीनचे गरम टोक जिथे टेकते तिथे तो काळा पडतो. म्हणजे तुमचे बिल छापलेले नसते, भाजलेले असते. उजेडात ठेवले तर अक्षरे उडतात. उजेड नको म्हणून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवले तर त्या प्लॅस्टिकमधली द्रव्ये अक्षरे खातात. पाकिटात ठेवले तर घाम आहेच. म्हणजे जो माणूस बिल नीट जपून ठेवतो, त्याचेच बिल आधी कोरे होण्याची शक्यता जास्त.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी यावर तोडगा काढला. फ्रीजचे बिल घेतले आणि थेट लॅमिनेशनच्या दुकानात गेले. आता, उष्णतेने काळा पडणारा कागद तापलेल्या रुळांमधून काढला की काय होते, हे शाळेतल्या पोरानेही सांगितले असते. बिल बाहेर आले ते या टोकापासून त्या टोकापर्यंत काळेकुळकुळीत, वरून चकचकीत, चारही कोपरे गोल कापलेले. पाणी लागू दे, चहा सांडू दे, त्या बिलाला आता काही होणे नाही. काकांच्या नातवंडांना ते वारसा म्हणून मिळेल. पुढे फ्रीज बंद पडला तेव्हा काकांनी तो ऐवज काउंटरवर ठेवला. तिथल्या मुलीने तो ट्यूबलाइटकडे धरून पाहिला, उलटा करून पाहिला आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "काका, यात पर्चेस डेट दिसत नाहीये." काका म्हणाले, "अगं, यात काहीच दिसत नाहीये, डेटचं काय घेऊन बसलीस!" मुलीने संगणकात नोंद केली: बिल अवाचनीय, वॉरंटी लागू नाही, व्हिजिट चार्ज ग्राहकाकडून.

कायदा झोपला आहे असे कोणी म्हणू नये. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा मानली आहे. 2020 च्या नियमांनी बिलावर काय काय हवे याची यादीही दिली: विक्रेत्याचे नाव-पत्ता, अनुक्रमांक, तारीख, ग्राहकाचे नाव, वस्तूचे वर्णन, कराचा दर, सही. यादी उत्तम आहे. फक्त हे सगळे किती दिवस वाचता यावे, हे लिहायचे राहून गेले. एरवी आपले नियम अक्षरांच्या बाबतीत फार काटेकोर. पाकीटबंद मालावर किंमत छापायची तर अंकांची उंची किमान किती मिलिमीटर हवी हे ठरलेले आहे. बिस्किटांचा पुडा संध्याकाळच्या चहाला संपतो, पण त्याची किंमत ठसठशीत दिसलीच पाहिजे. जाहिरातीत दाव्याला जी अट जोडाल ती दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टाइपात हवी, असे 2022 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ही सगळी काळजी वस्तू विकली जाईपर्यंतची. पैसे मोजले की खोक्यातून वॉरंटी कार्ड निघते आणि त्यावर कुठल्या अक्षरात काय असावे याची उठाठेव कोणी करत नाही. बहुतेक कार्डांवर 'दहा वर्षे' एवढे दुरून दिसते; ती फक्त कॉम्प्रेसरची, बाकी फ्रीजला एक वर्ष, गॅस आणि मजुरी वेगळी, उंदीर, झुरळ, पाल, वीज आणि व्होल्टेज यांच्याशी कंपनीचा संबंध नाही, हे भिंग घेऊन वाचावे लागते.

अमेरिकेने 1975 मध्ये यासाठी वेगळा कायदा केला. ग्राहकाला लेखी हमी दिलीत तर ती साध्या, समजेल अशा भाषेत द्या आणि ती पूर्ण आहे की मर्यादित, हे मथळ्यातच सांगा. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. आपला आधार 1930 चा मालविक्री कायदा. गिऱ्हाइकाने कशासाठी हवी ते सांगून, विकणाऱ्याच्या जाणतेपणावर विसंबून वस्तू घेतली, तर ती त्या कामाला लायक असलीच पाहिजे, असे तो म्हणतो. त्याला कार्ड लागत नाही. पण उभयतांनी उघडपणे वेगळे ठरवले तर हे बाजूला ठेवता येते, अशी सोयही त्याच कायद्यात आहे. म्हणून कार्डाच्या तळाशी 'याखेरीज कोणतीही हमी नाही' अशी ओळ असते. हे उभयतांनी कधी ठरवले म्हणता? तुम्ही खोका फोडत होतात तेव्हा.

इथवर हसून घेतले. आता खरे दुखणे. फ्रीज घेताना दुकानात मोबाइल नंबर घेतात, ईमेल घेतात, जन्मतारीख घेतात, लग्नाचा वाढदिवससुद्धा घेतात. मशीनचा सिरियल नंबर स्कॅन होतो. आणि पहिले वर्ष संपत आले की नेमका फोन येतो: "सर, तुमच्या फ्रीजची वॉरंटी पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला संपतेय. एक्स्टेंडेड वॉरंटी घेणार का?" अहो, म्हणजे तारीख तुम्हाला माहीत आहे! बारा तारीख, तोंडपाठ! विकायचे असते तेव्हा तुमच्या संगणकाला माझी कुंडली दिसते आणि दुरुस्त करायचे असते तेव्हा त्याच संगणकाला मोतीबिंदू होतो? बरे, दुकानदाराकडे नोंद नाही असेही नाही. जीएसटीच्या कायद्याने त्याला हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळावीच लागतात. तुमच्या बिलाची प्रत करासाठी सहा वर्षे सुखरूप असते; हमीसाठी मात्र पुरावा द्यायचा तो तुम्ही, तोही भाजलेल्या कागदावरचा. याला नजरचूक म्हणायला मी तयार नाही. ज्याच्याकडे सगळ्या नोंदी आहेत त्याने, ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडे पुरावा मागायचा, ही सरळ टोलवाटोलवी आहे.

मागणी एका ओळीची आहे. हमी जितकी वर्षे, तितकी वर्षे बिल वाचता आले पाहिजे. नाही आले तर खरेदीची तारीख सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्याची. एवढे नियमात घाला, मग दहा काय, शंभर वर्षांची वॉरंटी द्या.

ते होईपर्यंत वाचकांनी गप्प बसू नये. तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही. मुदत दोन वर्षांची. आणि आज काही विकत घेणार असाल, तर वस्तू घरी पोचण्याआधी बिल झेरॉक्सवाल्याकडे पोचवा. लॅमिनेशनवाल्याकडे नको.