खारे सालगडी

श्रावणात काका शेवगावहून नगरला डोळा दाखवायला आले, तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर मीठ जोखत होतो. लिटरला ३५ ग्रॅम. टाकी १५० लिटरची, म्हणजे सव्वापाच किलो. तेही जेवणातलं नव्हे, कॅल्शियम-मॅग्नेशियमसकट समुद्रातले क्षार असलेलं, भारी भावाचं.

"एवढं मीठ कशापायी रं?"

"गोगलगायींसाठी."

काकांचा चेहरा उजळला. त्या साली त्यांच्या सोयाबीनची कोवळी रोपं गोगलगायींनी रात्रीतून फस्त केली होती. गुळाच्या पाण्यात भिजवलेली बारदानं बांधाकडेला टाकायची, पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगायी वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत लोटायच्या, हा त्यांचा महिनाभराचा नेम. आपला पुतण्याही अखेर मार्गाला लागला, असं त्यांना वाटलं असावं.

"मारायला नाही काका. जगवायला."

चहा होईपर्यंत ते काही बोलले नाहीत.

आता त्यांना काय सांगणार? जमिनीवरच्या गोगलगायीवर मीठ पडलं की तिच्या अंगातलं पाणीच बाहेर ओढलं जातं. समुद्रातलीचं अंग मुळातच समुद्राइतकं खारं. तिचा जीव जातो गोड्या पाण्यात. भाऊबंदकी आपल्याकडे नवी नाही, पण एकाचं विष ते दुसऱ्याचं घर, इतकी टोकाची मी दुसरी पाहिलेली नाही.

टाकीत दोन क्लाउनफिश आणि सिरॅमिकचे खडक. खरे, खडक बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, त्यामुळे माझ्या समुद्राला कुंभाराच्या मातीवर भागवावं लागतं. महिन्याभरात त्या खडकांवर आधी तपकिरी आणि मग हिरवं शेवाळ चढलं. ते खरवडायला शंखातले गडी हवे होते. गोगलगायीची जीभ म्हणजे बारीक दातांची किसणीच. काका पुन्हा डोळा दाखवायला आले, तेव्हा मी पुण्याहून मागवायची यादी वाचून दाखवू लागलो आणि त्यांनी पाडव्याला सालगडी ठरवावा तशी एकेकाची चौकशी मांडली.

टर्बो? कामाला वाघ, पण अंगाने दांडगा, खडक पाडतो. "नको. बैल परवडला." ट्रोकस? काम चोख, उलटा पडला तर आपला आपण सुलटा होतो. पण त्याच्या मोठ्या जातीचं नाव कायद्याच्या यादीत आहे, विकणाऱ्याकडे नेमकी जात कोणती ते विचारून घ्यावं लागतं. "म्हंजे चांगला गडी सरकारनं धरलाय." नॅसेरियस? तो शेवाळाला शिवतच नाही. दिवसभर वाळूत पुरलेला, माशांचं खाणं पडलं की सोंड वर काढून हजर. काका खळखळून हसले. गावातल्या कोणाची तरी आठवण झाली असणार. नाव मात्र त्यांनी घेतलं नाही. सेरिथ रात्रपाळीवाला, वाळूसुद्धा साफ करतो. तो लगेच पसंत पडला. नेराइट कोकणच्या खडकांवरही राहणारा, ओहोटीत कोरड्यावर बसायची सवय. म्हणून टाकीची काच चढून बाहेर पडतो. "झाकण लाव, गडी चांगला हाय." आणि अ‍ॅस्ट्रिया. खरवडण्यात हुशार, पण सपाट वाळूवर उताणा पडला तर बहुधा त्याला उलटता येत नाही. कोणी उचलला नाही तर तसाच मरतो.

"असला कशाला घ्यायचा?" काका म्हणाले.

मी तरी एक घेतला. एकूण पाचच, जास्त आणले तर शेवाळ संपल्यावर उपाशी मरतात. 'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण आपण आतल्या गाठीच्या माणसासाठी वापरतो. प्राणिशास्त्रज्ञांनी या सबंध वर्गाला ग्रीक शब्द जोडून जे नाव दिलं, त्याचाही अर्थ 'पोट-पाय' असाच होतो. आपल्या आज्यांना ग्रीक न शिकताच ते ठाऊक होतं.

पार्सल आलं. नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून बारीक नळीतून थेंब थेंब टाकीचं पाणी देत तास-दीड तास घालवला. जावयाचीसुद्धा कोणी इतकी सरबराई करत नाही, हे काकांचं मत मी ऐकून घेतलं.

रात्री मी झोपलो तेव्हा ते टाकीसमोर खुर्ची ओढून बसले होते. सकाळी अ‍ॅस्ट्रिया खडकाच्या माथ्यावर होता. काकांच्या सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत वाळून कडक झालेली, वर मिठाचा पांढरा पट्टा.

"पाणी लई खारट हाय रं तुझं," ते म्हणाले आणि बाही झटकत अंघोळीला गेले.