गळकं घर: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

मुंबईत तीस-पस्तीस वर्षं नोकरी करून, फंडाचे पैसे बँकेत टाकून जे चाकरमानी रत्नागिरीजवळच्या वडिलोपार्जित कौलारू घरात कायमचे राहायला आलेत, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका. गणपतीत पाच दिवस येऊन ‘काय मस्त पाऊस आहे’ म्हणणं वेगळं. इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तो वरून पडतो, वाऱ्याबरोबर बाजूने आत येतो आणि जांभ्याच्या चिऱ्यातून खालूनही वर चढतो.

साहित्य: दोन बादल्या, एक पातेलं (घरच्यांनी ‘हे सोडून दुसरं घ्या’ म्हटलेलं), खडू, टॉर्च, शिडी, जुना फ्लेक्स, शेजारी.

पायरी पहिली, घर शाकारणं. हे मे महिन्यात करायचं असतं. मे महिन्यात कौलं चाळणारा गडी मिळत नाही, कारण तो आंब्याच्या बागेत असतो. बागेतून सुटला की पेट्या भरायला जातो, पेट्या संपल्या की लग्नांना. मृग लागल्यावर तो मोकळा होतो, पण तोवर कौलांवर शेवाळ धरलेलं असतं आणि त्यावर पाय ठेवायला तो साफ नाही म्हणतो. त्याचं बरोबर आहे. तुम्हीही ठेवू नका. गड्याला जानेवारीतच सांगून ठेवायचं असतं. हे तुम्ही जुलैत वाचत असाल, तर सरळ पुढच्या पायरीवर या.

पायरी दुसरी, गळती शोधणं. नवशिका माणूस थेंब पडतो त्याच्या बरोबर वर बघतो, तिथलं धडधाकट कौल हलवतो आणि एकाच्या दोन गळत्या करून खाली उतरतो. पाणी असं सरळ येत नाही. फुटक्या कौलातून शिरलेलं पाणी रिपेवर येतं, रिपेवरून वाशाला लागतं आणि वाशाच्या पोटाला धरून उताराने खाली सरकतं. वाटेत एखादा खिळा, गाठ किंवा कोळ्याचं जाळं आडवं आलं की तिथे थेंब सुटतो. म्हणून मूळ शोधायचं ते थेंबाच्या वरच्या अंगाला, आढ्याच्या दिशेने. पाऊस चालू असतानाच माळ्यावर चढा, टॉर्च वाशाला तिरका धरा. ओली रेघ चमकते. ती जिथे सुरू होते तिथे खडूने फुली मारा. ‘उघडीप मिळाली की बघू’ असं म्हणू नका. उघडीप मिळाल्यावर वासा वाळतो, रेघ जाते आणि चारही वासे सारखेच निष्पाप दिसू लागतात.

कौल फुटलं कशाने, हा प्रश्न विचारायचा नसतो. वानरं. मंगळूरला बासेल मिशनने 1865 साली कारखाना काढून ही खाचांची कौलं भाजायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी पावसाचा पुरेपूर विचार केला, वानरांचा केला नाही.

आता दुरुस्ती. आतूनच वरचं कौल दोन बोटं उचलायचं आणि फ्लेक्सची पट्टी त्याच्याखाली सरकवायची, अशी की तिचं खालचं टोक फुटक्या कौलाच्या पलीकडे, पुढच्या चांगल्या कौलावर येईल. फ्लेक्स विकत घेणं ही उधळपट्टी आहे. निवडणूक, दहीहंडी, कुणाचा तरी वाढदिवस, पुरवठा बारमाही असतो. कार्यक्रम उरकल्यावर लावणाऱ्याला विचारून घ्या. मात्र छापील बाजू वर ठेवा. नाहीतर जेवताना मान वर केली की रिपांमधून कुणीतरी भावी आमदार हात जोडून हसताना दिसतो.

‘त्यापेक्षा कौलं काढून स्लॅबच टाकू’ हा विचार प्रत्येकाला पहिल्या जुलैत येतो. टाका. मग स्लॅब गळेल, मग त्यावर पत्र्याची शेड येईल. गावात हिंडून बघा, किती स्लॅबांच्या डोक्यावर पत्रे आहेत ते. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला ब्रिटिशांनी इथे आणून ठेवलं आणि 1910 साली तो नव्या राजवाड्यात राहायला गेला. त्या राजवाड्याचं छप्परही उतरतंच आहे.

विजेबद्दल थोडक्यात. लाईट गेली की फ्यूज बघायच्या आधी शेजाऱ्याची लाईट बघायची. त्याचीही गेली असेल तर जीव भांड्यात पडतो. कडकडाट वळवाला आणि परतीच्या पावसात जास्त; तेव्हा टीव्ही, फ्रिज, वायफाय यांच्या पिना काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. इन्व्हर्टरवर दुकानदार म्हणेल तेवढे तास धरू नका. 150 एएचची 12 व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॉट-तास. दोन पंखे आणि चार एलईडी मिळून 190 वॉटच्या आसपास जातात, म्हणजे हिशेबाने नऊ तास. घट धरून सात मिळाले तरी नशीब समजा. फांदी तारेवरून काढायला तेवढा वेळ पुरेल असं नाही.

काटकसरीचा धडा कपाटापासून सुरू होतो. घरभर नऊ वॉटचे एलईडी लावून तुम्ही बिल खाली आणता. श्रावणात लग्नातल्या शालूवर बुरशी दिसते, आणि कुणीतरी सांगतं, कपाटात साठचा जुना पिवळा बल्ब लावा, ऊब राहते. ऊब राहते खरी. पण दिवसरात्र ठेवला तर महिन्याला त्रेचाळीस युनिट एकट्या शालूचे, शिवाय कापडाला टेकला तर आग लागायची धास्ती. बिनपैशाचा उपाय असा: कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि ऊन पडेल त्या दिवशी दारं उघडी टाका. ओल भिंतीतून येते. कपाट भिंतीला चिकटवून ठेवणं ही मुंबईच्या खोलीची सवय, इथे जागेची टंचाई नाही.

भिजलेला मोबाईल तांदळात ठेवू नका. तांदळाची भुकटी चार्जिंगच्या भोकात जाते. तो बंद करा, सिम काढा, पंख्याखाली ठेवा. लाईट नसेल तर नुसता ठेवा.

दार फुगून चौकटीत अडकतंय? सुताराला बोलावू नका. जुलैत रंधा मारलेल्या दाराच्या फटीतून जानेवारीत मांजर ये-जा करतं. कडेला मेणबत्ती घासा आणि दसऱ्यापर्यंत जरा जोराने ढकला.

शेवटचा मोह रंगाचा. गणपतीला घर उजळ दिसायला हवं म्हणून ऑगस्टमध्ये ओल्या भिंतीवर ऑईलपेंट मारला, तर दिवाळीच्या आत त्याचे पापुद्रे हाताने सुटतात, कारण आतली ओल त्याला मागून ढकलत असते. चुना मारा. चुन्यातून ओल बाहेर पडते, आणि तो स्वस्तही आहे. मुंबईहून आलेला धाकटा भाऊ ‘दादा, यंदा रंग नाही काढलास?’ म्हणेलच. त्याला सांगा, मे महिन्यात ये, मिळून काढू.

मे महिन्यात तो येईल. आंबे खाईल, दोन पेट्या गाडीत टाकेल आणि जाईल.