सुरतेला कोच हवा

नॉर्वेची लोकसंख्या सुमारे 55 लाख. सुरत शहराची 2011 च्या जनगणनेत जवळपास 45 लाख होती, पुढे हद्द वाढली आणि माणसंही वाढली. माणसांच्या हिशेबात आपलं शहर एका अख्ख्या देशाएवढं आहे. त्या देशाने 2025 च्या नोव्हेंबरात मिलानमध्ये इटलीला 4-1 असं हरवलं आणि 1998 नंतर पहिल्यांदाच फुटबॉलचा विश्वचषक गाठला. आपल्या देशाच्या अव्वल लीगमध्ये सुरतेचा मात्र एकही संघ नाही.

कुणी म्हणेल, त्यांच्याकडे पैसा आहे, अंगकाठी आहे. असेल. पण त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट आहे: खेळणाऱ्याला शिकवणारा बनवण्याची रीत.

ओले गुन्नार सोल्शारचं उदाहरण घ्या. 1999 च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये इंज्युरी टाइममध्ये बायर्नवर गोल मारून मँचेस्टर युनायटेडला जिंकून देणारा हा स्ट्रायकर. गुडघ्याने 2007 मध्ये त्याला थांबवलं. पुढच्याच वर्षी क्लबने त्याच्या हाती राखीव संघ दिला. आधी पोरं घडव, मोठ्या संघाचं नंतर बघू. तिथे शिकून तो मायदेशी मोल्डे क्लबकडे गेला आणि 2011 मध्ये, क्लबच्या शंभराव्या वर्षी, मोल्डेला पहिलं लीग विजेतेपद मिळवून दिलं. पुढे त्याच क्लबात सोळा वर्षांचा अर्लिंग हालांड त्याच्या हाताखाली आला. हालांड आज काय आहे ते सांगायला नको.

आपल्याकडे अशी माणसं नाहीत, असं म्हणणं खोटं आहे. हैदराबादचा शब्बीर अली 1974 मध्ये आशियाई युवा स्पर्धा इराणसह संयुक्तपणे जिंकणाऱ्या भारतीय संघाचा कर्णधार होता. मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून आणि पुढे कोलकात्यात त्याने गोलांचा धडाका लावला. बूट काढल्यावर तो कोच झाला, आणि 1998-99 मध्ये साळगावकरला राष्ट्रीय लीग जिंकून दिली. गोव्याच्या क्लबचं ते पहिलं राष्ट्रीय लीग विजेतेपद. ते एका देशी स्ट्रायकरच्या मार्गदर्शनाखाली आलं, हे गोव्याबाहेर किती जणांना माहीत आहे?

खालिद जमील स्ट्रायकर नव्हे, मधल्या फळीतला. पण वाट तीच. दुखापतींनी त्याची कारकीर्द खाल्ली, 2009 मध्ये मुंबई एफसीने त्याला कोच केलं आणि सात वर्षं टिकू दिलं. त्या सात वर्षांचं फळ आयझॉलला मिळालं: 2017 मध्ये मिझोरामचा हा छोटा क्लब देशाचा विजेता ठरला. ऑगस्ट 2025 मध्ये जमील भारताचा मुख्य प्रशिक्षक झाला. राष्ट्रीय संघाला भारतीय कोच तेरा वर्षांनी मिळाला. मग मध्य आशियातल्या काफा नेशन्स चषकात तिसरा क्रमांक आला, आणि आशिया चषकाची पात्रता हुकलीही. हुकली म्हणून लगेच परदेशी माणूस शोधायला धावणाऱ्यांनी सोल्शारची ती राखीव संघातली वर्षं आठवावीत.

खरा घाव वेगळाच आहे. महिंद्रा युनायटेड हा क्लब 2010 मध्ये बंद पडला. साळगावकरने 2016 मध्ये आय-लीग ही राष्ट्रीय लीग सोडली. त्यानंतर वर्षभरात मुंबई एफसीही संपला. क्लब बंद होतो तेव्हा अकरा खेळाडूंच्या नोकऱ्या जातात, एवढंच आपल्याला दिसतं. पण तिथे पुढचे कोच तयार होणार असतात, ते कायमचे हरवतात. शब्बीर आणि खालिद ज्या शिडीने वर चढले, तिच्या पायऱ्या आपणच काढून घेतल्या.

आता सुरतेचं. हरमीत देसाई आणि मानव ठक्कर या दोघांनी याच शहरातून ऑलिंपिकचं टेबल टेनिस गाठलं. शहराला खेळ कळत नाही, ही सबब त्यामुळे चालणार नाही. उधना, लिंबायत, डिंडोलीत खानदेशातून आलेल्या घरांची हजारो पोरं आहेत. त्यांच्यातही वेगवान पाय आहेत, नजर आहे. उणीव आहे ती रोज संध्याकाळी ठरल्या वेळी मैदानावर येणाऱ्या, पगारी, परवानाधारक शिक्षकाची. डी लायसन्सपासून प्रोपर्यंतची कोचिंगची परीक्षा-साखळी देशात आहे. शहरातल्या जुन्या खेळाडूंना त्या परीक्षेला बसवा, फी भरा, मग नेमणूक द्या.

स्टेडियमच्या कोनशिला पुरे झाल्या. महापालिकेने पुढच्या अर्थसंकल्पात प्रत्येक झोनसाठी एका फुटबॉल कोचचा पगार लिहावा. आणि तुमच्या प्रभागातला नगरसेवक मत मागायला दारात येईल, तेव्हा त्याला पहिला प्रश्न हाच विचारा: आमच्या मैदानाचा कोच कोण?