गच्चीची किल्ली

समजा, सोसायटीची कोजागरी आहे. दूध तुमचं, साखर शेजाऱ्यांची, चारोळी वरच्या मजल्यावरच्या काकूंची, आटवायला काका उभे. गच्चीची किल्ली मात्र शेठकडे. तो दारात गल्ला मांडून बसतो आणि तुमचंच दूध तुम्हाला पेल्याच्या दराने विकतो. विज्ञानाच्या नियतकालिकांचा धंदा थोडाफार असाच चालतो.

संशोधनाला पैसा बहुतेकदा सरकारचा, म्हणजे तुमचा-आमचा. शोधनिबंध लिहिणाऱ्याला छदाम मिळत नाही. तो तपासणारेही शास्त्रज्ञच. त्यांचं मानधन म्हणजे 'आपल्या बहुमोल वेळेबद्दल आभार' असा मेल. मग हक्क प्रकाशकाच्या नावे करून देणारी एक सही. झालं! पुढे स्वतःचाच छापील निबंध स्वतःच्या संकेतस्थळावर टाकायचा तर लेखकाने परवानगी मागायची. सुटा निबंध वाचायचा तर तीस-चाळीस डॉलर मोजा. एल्सेव्हियर या बड्या प्रकाशकाचा नफा मिळकतीच्या शंभरामागे पस्तीसच्या वर! कॉपीराइट म्हणे लेखकाच्या पोटासाठी असतो.

विद्यार्थ्यांनी यावर आपला उपाय शोधला होता. रात्री ग्रुपवर मेसेज पडायचा, 'सर, हा पेपर आहे का कुणाकडे?' आणि कुणीतरी साय-हब या निबंध फुकट पुरवणाऱ्या चोरट्या संकेतस्थळावरून उतरवून द्यायचं. 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते दार बंद केलं. याच न्यायालयाने 2016 मध्ये, दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानाच्या खटल्यात, कॉपीराइट हा काही दैवी हक्क नव्हे असं बड्या प्रकाशकांना सुनावलं होतं.

सरकारचा तोडगा मात्र सरळ आहे: पेले घाऊक घ्या. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या योजनेसाठी 2025 ते 2027 या तीन वर्षांकरता 6,000 कोटी रुपये. 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं. आडगावच्या सरकारी कॉलेजातल्या पोराला ती आता फुकट वाचता येतात, हे चांगलंच झालं, त्यात खोट काढणार नाही. पण शेठशी घासाघीस करताना 'दूध आमचं आहे' हे कुणी बोललं का?

आणि 'वन नेशन' म्हणजे तूर्त सरकारी संस्था. खासगी कॉलेजातली प्राध्यापिका, तालुक्याला दवाखाना चालवणारा डॉक्टर, कुठल्याच संस्थेत नसलेला संशोधक या राष्ट्राच्या हद्दीबाहेर. कर तेही भरतात. त्यांच्यासाठी तीस-चाळीस डॉलरची खिडकी चोवीस तास उघडी आहे, कार्ड चालतं.