लाल टिकली, पिवळी टिकली

गोंदियाहून बालाघाटच्या रस्त्याला लागलं की नागरा येतं. प्राचीन शिवमंदिर, महाशिवरात्रीची यात्रा आणि चहूकडे धानाच्या बांध्या. या गावात हवामान बदलाशी जुळवून घेण्याची कार्यशाळा अजून भरली नसेल तर लवकरच भरेल. तिचा वृत्तांत आम्ही आगाऊ देऊन ठेवतो. हल्ली पाऊस सोडून बाकी सगळ्यांचे अंदाज बरोबर येतात.

कार्यशाळा ऐन रोवणीत असेल, कारण निधी तेव्हाच येतो. भिंतीवर फलक लागेल. उभ्या रकान्यात संकटं, आडव्यात परिणाम, हातात रंगीत टिकल्या. लाल म्हणजे जोखीम जास्त, पिवळी म्हणजे मध्यम. 2010 साली मेक्सिकोतल्या कॅनकूनला जगभरच्या देशांनी राष्ट्रीय अनुकूलन आराखड्यांची वाट आखली, ती अशी टिकल्या लावत लावत नागऱ्यात पोचणार.

मग सगळ्यांना 'दामिनी' ॲप घ्यायला लावतील. जवळपास वीज पडणार असेल तर ते इशारा देतं. ॲप चांगलंच आहे. फक्त वीज पडायची ती चिखलात वाकून रोवणाऱ्या बाईवर, मोबाइल असतो नवऱ्याच्या खिशात आणि नवरा पानठेल्यावर.

"पाऊस लांबला तर काय करता, काका?" कार्यशाळेचे साहेब विचारतील.

"वरच्या बांधीत हलका धान लावतो जी, खोलगटात भारी. पऱ्हे वाळायला लागले तर तलावाचं पाणी सोडतो. म्हणजे तलावात असलं तर."

साहेब फलकाकडे पाहतील. या उत्तराला रकाना नसेल. मग ते 'इतर'मध्ये जाईल.

त्या 'इतर'मध्ये काय काय आहे पाहा. भंडारा-गोंदियात कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळापासून हजारो तलाव बांधले. उतार कुठे, पाळ कुठे, तुडुमातून, म्हणजे तलावाच्या दारातून, पाणी कोणत्या बांधीला आधी, हे त्यांनी टिकल्यांवाचून ठरवलं. पुढे 1950च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली आणि तिच्या ताब्यातले तलाव सरकारजमा झाले. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचे जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधाऱ्यांकडे. तेव्हापासून कित्येक मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांत गाळ साचतो आहे, काठ अतिक्रमणात जातो आहे आणि पाण्यात बेशरम माजली आहे. हवामान बदलाशी उत्तम जुळवून घेतलेली वनस्पती तीच. तिला कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं.

आराखडा आम्हाला नको असं नाही. पाऊसमापक हवा, हवामानाचा सल्ला हवा, मंडळनिहाय आकडेही हवेत. पण तलावात पाणी किती मावतं आणि गाळाने किती खाल्लं, हा आकडा फलकावर पहिला लिहा. आणि कार्यशाळेचा निधी मंजूर झालाच असेल तर साहेब, जेवणाची पाकिटं थोडी कमी करा, तारीख रोवणीऐवजी एप्रिलातली धरा आणि येताना पोकलेन घेऊन या.