भावी

खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक व्हायचे दोन मार्ग आहेत. एक अभ्यासाचा, दुसरा वाट पाहण्याचा. कायदा दुसरा मानतो. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठीचा महाराष्ट्राचा 1977 चा अधिनियम आणि त्याखालची 1981 ची सेवाशर्ती नियमावली यांना उमेदवाराकडून फारसं काही नको असतं. पदवी, बी.एड., पाच वर्षं पूर्णवेळ शिकवल्याचा अनुभव, त्यातली दोन तरी बी.एड. झाल्यानंतरची, आणि सेवेचं रेकॉर्ड समाधानकारक. एवढं ज्यांच्यापाशी आहे त्यांच्यात जो सर्वांत सेवाज्येष्ठ, तो मुख्याध्यापक. पुढे बोलायला जागाच नाही.

आमच्या भावी सरांना हा नियम पोटनियमांसकट पाठ होता. त्यावर विश्वास तेवढा बसत नव्हता.

‘भावी’ हे नाव चौकातल्या फ्लेक्सवरून आलं. महापालिकेची निवडणूक जवळ आली की भावी नगरसेवक हात जोडून खांबाखांबावर उगवतात. स्टाफरूममध्ये कुणीतरी एकदा सरांकडे बघून ‘भावी’ म्हणालं आणि ते चिकटलं. सरांच्या कानावर गेलं होतंच. रागावले नाहीत. माझा तर संशय आहे की त्यांना ते आवडायचं.

सर विज्ञान शिकवायचे आणि बरं शिकवायचे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याचा उल्लेख येणार नाही. त्यांच्याही बोलण्यात तो येत नसे. खिशाला दोन पेनं. निळं रोजचं. हिरव्याचं टोपण कधी निघालं नाही. मुख्याध्यापकाने शेरा हिरव्या शाईत मारावा असं त्यांचं मत होतं, आणि ती वेळ आल्यावर पेन शोधत बसायला नको म्हणून ते आधीपासून खिशात होतं.

पदव्यांची सुरुवात डीएसएमने झाली. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची ही शालेय व्यवस्थापन पदविका महाराष्ट्रातल्या किती शिक्षकांनी केली असेल याची गणती नको. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्या विद्यापीठाचं ब्रीद आहे, आणि ही गंगा मुख्यतः रविवारी वाहते. संपर्क सत्राला दहा वाजता अभ्यासकेंद्रात जायचं, चार शाळांतल्या चार भावींनी एका बाकावर बसायचं, आणि आपापल्या विद्यमान हेडसरांच्या चुका व्यवस्थापनाच्या परिभाषेत सांगायच्या. हा अभ्यासक्रमाचा सर्वांत जिवंत भाग. गृहपाठ मग एकाने लिहायचा आणि तिघांनी ‘संदर्भासाठी’ न्यायचा.

डीएसएमनंतर एम.ए. शिक्षणशास्त्र झालं. मग एम.एड. ते तेव्हा एक वर्षाचं होतं, 2015 पासून दोन वर्षांचं झालं. सरांनी त्यासाठी बिनपगारी रजा काढली, त्या वर्षी वहिनींनी घरखर्चाचं व्यवस्थापन केलं आणि त्याची पदविका त्यांना कुणी दिली नाही. मग इग्नूची शालेय नेतृत्वाची पदव्युत्तर पदविका. शेवटी एम.फिल. करायचं मनावर घेतलं, तर 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम.फिल.च बंद करायचं ठरवलं. सरांनी हा व्यक्तिगत आघात मानला.

शिकलेलं वाया जाऊ द्यायचं नाही ही त्यांची जिद्द. आपल्याला अजून शाळा मिळाली नसली तरी स्टाफरूम होतीच. मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता मॅस्लो निघायचा : आधी भूक, मग सुरक्षितता, मग आपुलकी, मग मानसन्मान, आणि अगदी वर आत्माविष्कार. चहा तीन दिवस लागोपाठ उशिरा आला तेव्हा सरांनी निदान केलं की शिपाईमामांच्या दुसऱ्या पायरीवरच्या गरजा अपुऱ्या आहेत. मामांना बोलावून विचारलं. मामा म्हणाले, “सर, गॅस संपलाय.” मॅक्ग्रेगरने 1960 साली माणसांबद्दलचे दोन समज मांडले. माणूस मुळात कामचुकार, हा एक्स सिद्धान्त. माणसाला मुळात काम आवडतं, हा वाय. सरांनी आम्हा सगळ्यांची विभागणी करून ठेवली होती. मी एक्समध्ये होतो. मी ती यादी पाहिली तेव्हा तास बुडवून बसलो होतो, त्यामुळे वाद घालता आला नाही.

पण सरांचा खरा ग्रंथ वेगळाच होता. सेवाज्येष्ठता यादी.

ती दरवर्षी निघते, सगळ्यांपुढे फिरते, वाचून सही करायची असते. आम्ही सही करायचो. सर वाचायचे. कुणाची जन्मतारीख काय, कोण कोणत्या महिन्याच्या शेवटी अठ्ठावन्नाचा होतो, कुणाला साखर आहे, कोण स्वेच्छानिवृत्तीचं बोलतोय, सगळं त्यांना तोंडपाठ. वाढदिवसाला पहिला फोन सरांचा. नव्याने लागलेल्या मुलींना त्याचं केवढं कौतुक! जुन्या मंडळींना मात्र त्या शुभेच्छांत आकडेमोड ऐकू यायची.

यादीत सरांच्या वर एकच अडचण उरली होती : आमच्या मराठीच्या बाई. दोघांची नेमणूक एकाच दिवशी झालेली, प्रवर्ग एकच. नियमावलीच्या अनुसूची ‘फ’ने अशा प्रसंगाचीही सोय केली आहे. नेमणुकीची तारीख एकच असेल तर वयाने मोठा तो ज्येष्ठ. बाईंचा जन्म 1 जूनचा, सरांचा त्याच वर्षीचा 12 जूनचा. आणि 1 जून म्हणजे काय हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. पोर शाळेत घालायला आणलं, आईबापांना तारीख आठवेना, गुरुजींनी 1 जून लिहून टाकली. एकेका गावात निम्मा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला आहे. बाई स्वतःच हसत सांगायच्या, “माझी आई म्हणायची, तू झालीस तेव्हा दारात आकाशकंदील होता.” हे ऐकताना सरांचा चेहरा बघवत नसे. दिवाळीतल्या बाळाला कुणा गुरुजीने पाच महिने आधी जन्माला घातलं होतं आणि त्या शाईपुढे डीएसएम, एम.ए., एम.एड. आणि इग्नू मिळून काही करू शकत नव्हते.

बाईंना मुख्याध्यापक व्हायचंच नव्हतं. नकारपत्र लिहून द्यायच्या गोष्टी त्या करायच्या, आणि सर ते पत्र टाइप करून द्यायला तयार होते. पण आधीचे हेडसर निवृत्त झाले, संस्थेचा ठराव झाला, आणि बाई त्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसल्या. बी.ए., बी.एड. पुढे काही नाही. एखादा पालक दाखल्यासाठी आवाज चढवत आला की बाई म्हणायच्या, “तू अमक्या वर्षीचा ना? मागच्या बाकावरचा?” आणि तो पालक आवाज खाली आणून आपल्या बहिणीची खुशाली सांगायला लागायचा. पोषण आहाराचं पोतं बघून त्या सांगायच्या की हे शनिवारपर्यंत पुरणार नाही. सहावी ते आठवीला माणशी 150 ग्रॅम तांदूळ. हिशेब सरांनाही येत होता, पण त्यांना पोत्याकडे बघायची सवय नव्हती. 1937 मध्ये ल्यूथर गुलिकने प्रशासकाची सात कामं सांगितली, नियोजनापासून अंदाजपत्रकापर्यंत. सर ती बोटांवर मोजून दाखवायचे. यू-डायस, शालार्थ, संचमान्यता, आधार पडताळणी, अपार आणि गळकं पत्र्याचं छप्पर यांतलं एकही त्या सातांत नाव घेऊन येत नाही.

गंमत अशी की हे सगळं भरायचे सरच. “सर, तेवढं यू-डायसचं बघता का?” म्हटलं की सर रात्री नऊपर्यंत बसायचे. बाईंच्या नावाचं ‘निष्ठा’चं ऑनलाइन प्रशिक्षणही त्यांनीच पुरं केलं. नेतृत्वावरच्या प्रश्नमंजूषेत एकही उत्तर चुकलं नाही. प्रमाणपत्र बाईंच्या नावाने आलं. राष्ट्रीय धोरण म्हणतं की मुख्याध्यापकाने दरवर्षी किमान 50 तास व्यावसायिक प्रशिक्षण घ्यावं. आमच्या शाळेत ते कसोशीने पाळलं गेलं, फक्त माणूस दुसरा होता.

सरांची भाची न्यू जर्सीत शिक्षिका आहे. तिने फोनवर सांगितलं की तिकडे प्रिन्सिपॉल व्हायचं तर मास्टर्स पदवी लागते, वर परवान्याची परीक्षा. नुसतं वय वाढवून भागत नाही. सर दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, “मी पदव्या चुकीच्या देशात घेतल्या.”

इथे मला सरांशी थोडं भांडायचं आहे. ज्येष्ठतेचा नियम आंधळा आहे, कबूल. पण तो आंधळा आहे म्हणूनच त्याला संस्थाचालकांचा मेहुणा दिसत नाही. नियम काढला तर पदव्या मोजतील असं सरांना वाटायचं. मला वाटतं, नाती मोजतील. त्यापेक्षा गावातल्या गुरुजीने मनाने लिहिलेली 1 जून बरी. तिच्यात निदान कुणाचा स्वार्थ नव्हता.

तर, बाई 31 मे रोजी निवृत्त झाल्या. सर 30 जूनला होणार होते. मध्ये उरला जून, आणि तो आख्खा सरांचा.

1 जूनला शाळेला सुट्टी होती, तरी सर टाय लावून आले. मामांनी कुलूप काढलं. पंधरवडाभर त्या दोघांशिवाय शाळेत प्रशासन करण्याजोगं कुणी नव्हतं. सरांनी पाच वर्षांचा शाळा विकास आराखडा काढला, उद्दिष्टं, टप्पे, जबाबदाऱ्या, सगळं तक्त्यात. संस्थेने ठराव केला होता, प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला होता, पण मान्यता आणि स्वाक्षरीचे अधिकार आले नव्हते. ते आल्याशिवाय सही चालत नाही. शाळा उघडली, दाखले मागायला रांग लागली. सर एकेकाला प्रेमाने ‘उद्या’ सांगत होते. पगारबिल तर मुख्याध्यापकाच्या लॉगिनवरून वेतन पथकाकडे जायला हवं, आणि लॉगिनचा ओटीपी जायचा बाईंच्या मोबाइलवर. बाई मुलीकडे पुण्याला. सर फोन लावायचे, बाई चष्मा शोधायच्या, सहा आकडे वाचेपर्यंत वेळ संपायची. “सर, परत पाठवा बरं,” असं बाई म्हणायच्या. त्या जूनमध्ये शाळा पुण्याहूनच चालली म्हणा ना.

30 तारखेला निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, आणि क्लार्क भाऊसाहेबांनी केलेलं भाषण, ज्यात सरांचा उल्लेख ‘आपले भावी’ असा झाला आणि सगळे हसले, सरही. मान्यतेचं पत्र जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. मंजुरी 1 जूनपासून दिलेली होती, ‘पुढील आदेशापर्यंत’.

सर आता त्याच अभ्यासकेंद्रात दर रविवारी संमंत्रक म्हणून जातात. शालेय व्यवस्थापन हा विषय घेतात, वर्ग भरलेला असतो. पहिल्या तासाला ते पाठ्यपुस्तक उघडत नाहीत. प्रत्येकाला उभं करून आधी जन्मतारीख विचारतात.